पळस फुलला की पेठला

पाऊस संपला की ट्रेक संपले, असं माझ्या भाचीच्या ऑफिसातल्या मंडळींचं ठाम मत. 'मार्चमध्ये डोंगर? मावशी, भाजून निघशील गं!' भाजून निघतात ते साडेनऊला पायथ्याशी पोचणारे. गेली वीस वर्षं मी मुलुंडहून होळीच्या मागेपुढे एक तरी डोंगर करतेच, आणि भिजायला जाण्यापेक्षा हे मला जास्त आवडतं. गर्दी नसते, निसरडं नसतं, आणि ढगात हरवलेला डोंगर या दिवसांत अख्खा दिसतो.

नवख्यांना मी पेठ, म्हणजे कोथळीगड सुचवते. शनिवारी दुपारी कर्जत लोकल, तिथून टमटमने कशेळे, पुढे पायथ्याचं आंबिवली गाव. ऊन उतरलं की चढायला लागा. पठारावरच्या पेठ गावात जेवणाची आणि झोपायची सोय घरोघरी होते, पण आधी फोन करा. चार माणसांच्या भाकऱ्या आयत्या वेळी थापायच्या म्हणजे त्या बाईची झोप गेली. पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन सुळक्याकडे निघा. वरची गुहा आणि तिचे कोरीव खांब नीट बघा. तिथून सुळक्याच्या पोटातूनच खोदलेल्या पायऱ्यांनी माथ्यावर जाता येतं. नऊच्या आत गावात परत, साडेअकराच्या आत आंबिवलीत. हे वेळापत्रक मोडायचं नाही. माणशी चार लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि काकडी. काकडीला मीठ लावून न्या.

आता बघायचं काय? पळस तर दुरूनच दिसतो, एक पान नाही आणि झाड नुसतं पेटलेलं. पण कुसुंब ओळखायला शिका. त्याची कोवळी पालवीच लालभडक असते आणि दरवर्षी कोणीतरी 'काय फुललंय!' म्हणून फोटो काढतं. अंजनी फुलली असेल तर फांदीलाच निळी-जांभळी फुलं चिकटलेली दिसतील. करवंदीच्या जाळीला पांढरी फुलं असतात, तिचा वास वाटेवर आधी येतो, जाळी नंतर दिसते. आणि काटेसावरीखाली दहा मिनिटं गप्प बसा. जाड पाकळ्यांच्या त्या वाट्यांत मध असतो, त्यासाठी बुलबुल, मैना, कावळे, कोतवाल अशी सगळ्यांची पंगत बसते, आणि मधेच एखादं फूल थपकन पायाशी पडतं. उचलून उलटं करून बघा, आतल्या मुंग्या अजून जेवत असतात.

आता जपायचं कशाला? पहिली, आग. मी स्वतः एकदा लावली आहे, म्हणून सांगते. सकाळचे दहा, सपाट कातळ, छोटा स्टोव्ह, चहा. चांगली काळजी घेतली होती असं मला वाटत होतं. वारा उठला, पेटलेला कागदाचा तुकडा उडाला आणि पाच हातांवरच्या गवतात पडला. दिवाळीनंतर वाळत आलेलं गवत ते. आवाज कागद चुरगळल्यासारखा येतो आणि ज्वाळा उन्हात दिसतसुद्धा नाही, फक्त काळी कड पुढे सरकते. मी बाटलीतलं पाणी ओतत बसले. खालून लाकडं घेऊन येणारी एक ठाकरीण धावत आली, तिने ओला टहाळा तोडला आणि कडेकडेने झोडपायला लागली. 'पाणी प्यायला ठेव, फांदी घे!' एवढंच ओरडली. दहा मिनिटांत विझलं. खोलीएवढी जागा काळी झाली होती, आणि त्यानंतर डोंगरात मी चहा केलेला नाही. थर्मास नेते.

तेव्हा स्टोव्ह, शेकोटी, बिडी-सिगारेट, काहीही नको. गावकरीही गवत जाळतात, नवं लुसलुशीत येईल म्हणून, किंवा मोहाची फुलं वेचायला खालचा पाचोळा साफ व्हावा म्हणून. त्यांना उपदेश करायला आपण जाऊ नये, त्यांचं पोट त्या डोंगरावर आहे. पण वणव्यात रोपटी जातात, आणि टिटवी, चंडोल, रातवा या जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचा विणीचा हंगाम नेमका याच दिवसांत सुरू होतो, हेही खरं. धूर दिसला तर गावात सांगा आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. आग खाली आणि तुम्ही वर असाल तर चढणीकडे पळू नका. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. आडवे बाजूला व्हा, उघड्या कातळावर किंवा आधीच जळून गेलेल्या जागी जा.

दुसरं, पाणी. गडावरच्या टाक्यांत या दिवसांत जे उरलेलं असतं तेच पक्षी, गुरं, माणसं पितात. त्यात पाय सोडू नका, ताट विसळू नका.

तिसरं, आग्या मोहोळ. कड्याच्या कपारीला लोंबणारं काळपट पोळं दिसलं की आवाज बंद. बॉडी स्प्रे घरीच ठेवा. माशा उठल्याच तर हात झटकू नका, ओढणीने तोंड-मान झाका आणि थेट लांब पळा.

बी पेरायला चिखलाचे गोळे घेऊन येणारे उत्साही लोक भेटतात. डोंगराला त्याची गरज नसते. संत्र्याची सालं मात्र 'कुजतात हो' म्हणून टाकतात. त्या सालांच्या वासाने माकडं जमतात. परत न्या.

एप्रिल उजाडला की वाटेवर बायका तोरणं आणि पुढे करवंदं पानाच्या द्रोणात विकतात. घासाघीस न करता घ्या.

कर्जतहून परतताना डावीकडची खिडकी पकडा. नेरळच्या आसपास माथेरानचा डोंगर तिकडे येतो. मी नुसतं एवढंच बघते, उतारावर कुठे धूर आहे का. असला तर फोन काढते.