पायथनचा जनरेटर रिकामा का येतो? या चुका टाळा

समजा, नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या आवकेची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) आहे: तारीख, बहार (संत्र्याचा हंगाम, अंबिया किंवा मृग), क्विंटल. यील्ड वापरून तुम्ही एकेक आकडा देणारा जनरेटर लिहिला. आधी मॅक्स लावून सर्वांत मोठी आवक काढली, मग सम लावला. बेरीज आली शून्य, आणि एररही नाही.

जनरेटर एकदाच चालतो. मॅक्सने तो शेवटपर्यंत वाचून संपवला आणि समच्या हाती काहीच उरलं नाही. क्रम उलटा असता तर मॅक्सने व्हॅल्यूएरर देऊन निदान बोंब तरी मारली असती. त्यामुळे ऐन अंबियाच्या हंगामात, नोव्हेंबरात, आवक शून्य दिसली तर फाईलवर संशय घेण्याआधी हा जनरेटर वर कुठे वापरून झालाय ते बघा. तपासायला म्हणून मध्येच लिस्ट करून प्रिंट केलेलं असतं, चोर बहुतेकदा तिथेच सापडतो. ‘आहे का’ विचारणारा इन ऑपरेटरसुद्धा साळसूद नाही. बहाराच्या रकान्याचा जनरेटर घेऊन त्यात ‘मृग’ आहे का विचारलंत, तर पहिला मृग सापडेपर्यंतच्या सगळ्या नोंदी, त्या मृगासकट, गेल्या.

डेटा मेमरीत मावत असेल तर सरळ लिस्ट करा. एका बाजाराच्या नोंदींसाठी जनरेटरचा हट्ट मला तरी पटत नाही. मावत नसेल तर फंक्शन पुन्हा बोलवून नवा जनरेटर घ्या. इटरटूल्स मॉड्यूलमधल्या ‘टी’ (tee) फंक्शनने दोन प्रती मिळतात खऱ्या, पण एक पूर्ण संपवून मग दुसरी वाचायची असेल तर मधलं सगळं मेमरीतच साठतं. त्यापेक्षा लिस्ट बरी. पायथन ३ मध्ये मॅप, फिल्टर आणि झिपचंही हेच. रेंज मात्र कितीदाही फिरवा, तो इटरेटर (एकदा वाचून संपणारा) नाहीच.

‘आय/ओ ऑपरेशन ऑन क्लोज्ड फाईल’ असा एरर आला, तर फाईल उघडणाऱ्या विथच्या (with) आत बनवलेलं जनरेटर एक्स्प्रेशन तुम्ही रिटर्न केलं असणार. वाचायची वेळ येते तोवर फाईल बंद झालेली असते. विथ आणि यील्ड एकाच फंक्शनमध्ये ठेवा.

राहिला ‘जनरेटर रेज्ड स्टॉपइटरेशन’ हा रनटाइमएरर. हेडरची ओळ वगळायला जनरेटरमध्ये नेक्स्ट लिहिलं आणि फाईल रिकामी निघाली की हा येतो. २०१८ मधल्या ३.७ आवृत्तीआधी अशा वेळी जनरेटर गुपचूप संपायचा. नेक्स्टला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून नन (None) द्या आणि नन आलं तर रिटर्न करा.