प्रमुख बदलेल, फोन नंबर बदलता कामा नये

मणक्याला इजा झालेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत प्रमुखपद दुसऱ्याकडे जाणार असेल, तर निदान सहा महिने आधी तयारीला लागा. ठराव, इतिवृत्त, नेमणुकीचं पत्र, बँकेतल्या सह्या हे कुठल्याही संस्थेत करावंच लागतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. सगळ्यात आधी फोन. मागच्या बदलाच्या वेळी आमच्याकडून राहिला तो नेमका हाच.

अशा संस्थांत प्रमुखांचा स्वतःचा मोबाइल हाच बहुधा रात्रीबेरात्रीचा मदतीचा नंबर होऊन बसलेला असतो. तो कुठे कुठे गेला आहे ते कागदावर उतरवून काढा. रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या फायलीत, वॉर्डात सिस्टरांच्या टेबलाशी, व्हीलचेअरच्या पाठीला अडकवलेल्या कार्डावर, कॅथेटरच्या, म्हणजे लघवीच्या नळीच्या, खोक्यावर, घरी मदतीला येणाऱ्यांच्या फोनमध्ये. आणि एक जागा हमखास सुटते. ज्यांचे हात चालत नाहीत ते तोंडाने सांगून फोन लावतात, आणि तेव्हा नंबर नाही, माणसाचं नाव घेतात. त्या नावापुढे जुनाच नंबर असेल, तर नव्या नंबरचा निरोप वाचूनही फोन जुन्याच जागी वाजणार. म्हणून नंबर बदलूच नका. तोच संस्थेच्या नावावर करून घ्या, जाणाऱ्या प्रमुखांनी स्वतःसाठी दुसरा घ्यावा. ते जमणारच नसेल तर जुन्यावर येणारे फोन पूर्ण एक वर्ष नव्याकडे वळते ठेवा. तीन महिने पुरत नाहीत, कारण तब्येत बरी असलेली माणसं मूत्रपिंडाच्या वार्षिक तपासणीच्या सुमारासच एखादा फोन करतात.

फोन उचलायला दोघं हवीत, पाळी लावून, आणि दोघांच्या हाताशी एक पान हवं. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी, म्हणजे टी-६ ला, किंवा त्याच्या वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा, म्हणजे रक्तदाब अचानक जीवघेणा चढण्याचा, धोका असतो. लघवी तुंबली, कॅथेटरची नळी मुडपली, पोट साफ झालं नाही, पायाचं नख आत रुतलं, एवढ्यानेही रक्तदाब झरझर चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वरच्या भागाला घाम फुटतो. या लोकांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० च्या आसपास असतो, म्हणून १३०-१४० ऐकून ‘ठीक आहे की’ असं म्हणणारा माणूस फोनवर बसवू नका. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ म्हणजे धोका. पानावर मोठ्या अक्षरात लिहा: ताठ बसवा, पाय खाली सोडा, आडवं करू नका, पट्टे आणि कपडे सैल करा, नळी आणि पिशवी पाहा, दर २ ते ५ मिनिटांनी रक्तदाब मोजा. कारण सापडलं नाही किंवा दाब उतरला नाही, तर लगेच रुग्णवाहिका.

आता प्रमुखांच्या डोक्यात असलेली माहिती. कोण एकटं राहतं, दुखापत कुठल्या पातळीची, कॅथेटर कितीचा, १२ की १६ फ्रेंच (हे नळीच्या जाडीचं माप), लॅटेक्सचं रबर चालतं का, व्हीलचेअरवरची उशी हवेची आहे की जेलची, बेडसोर आधी कुठे झाला होता. हे सगळं उतरवून घ्या, पण प्रत्येकाची संमती घेऊन. सही करता येत नसेल तर साक्षीदारासमोर तोंडी संमती घ्या आणि तशी नोंद ठेवा. आपल्या लघवी-शौचाची माहिती कुणाला कळावी हे त्या माणसानेच ठरवायचं. नुसती वही सुपूर्द करून मोकळं होणं बरोबर नाही.

निवड समितीत दुखापत झालेली निदान दोन माणसं हवीत, मतासह. मुलाखती सकाळी ९ ला ठेवू नका. पोट साफ करण्यापासून तयार होईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात, ११ नंतर बोलवा. चढाव १ ला १२ पेक्षा, म्हणजे १२ फूट लांबीत १ फूट उंचीपेक्षा, तीव्र नको. दाराची मोकळी रुंदी ८० सेंटिमीटरच्या खाली नको, टेबलाखाली गुडघ्यांसाठी साधारण ७० सेंटिमीटर उंची सोडा. स्वच्छतागृह आधी स्वतः व्हीलचेअर नेऊन पाहा, दारावरच्या चित्रावर जाऊ नका. बेडसोर होऊ नये म्हणून बसल्या जागी दर १५ ते ३० मिनिटांनी अंगाचा भार हलवावा लागतो. कुणी मध्येच पुढे वाकलं तर बोलणं थांबवू नका आणि टक लावून बघूही नका.

शेवटच्या महिन्यात जुन्या-नव्या प्रमुखांनी वॉर्डात आणि घरी एकत्र जावं. नव्याने इजा झालेल्यांना भेटायला जाणारे जुने रुग्ण कुणाशी जोडले आहेत ते आत्ताच विस्कटू नका, ती जोडी दुखापतीची पातळी आणि वय पाहून जुळवलेली असते. उसन्या दिलेल्या व्हीलचेअर आणि हवेच्या गाद्या मोजून घ्या. बँकेचा ओटीपी कुठे जातो? त्याच फोनवर. संकेतस्थळाचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलायचा संदेश? तोही तिथेच. फोन, परत फोन.

देणगीदारांना पत्र, कर्मचाऱ्यांची बैठक, निरोप समारंभ, हे उरकून घ्या.

कार्यभार देण्याच्या आठवडाभर आधी रात्री २ वाजता तो नंबर अनोळखी फोनवरून लावा. मग हात न चालणाऱ्या एखाद्या सदस्याच्या घरी जाऊन त्यांना नाव उच्चारून लावायला सांगा. दोन्ही वेळा पाळीवरच्या माणसाने उचलला नाही, तर तारीख पुढे ढकला.