निविदा निघण्याआधीच्या खुणा

सरकारी पुरवठ्याच्या कामात नव्याने उतरणारी आमच्या वणी भागातील तरुण मंडळी राज्य सरकारच्या निविदांचे महाटेंडर्स हे संकेतस्थळ रोज उघडतात आणि निविदा सूचना दिसली की धावपळ सुरू करतात. पंप, पाइप व विद्युत साहित्याच्या पुरवठ्यात काही वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, सूचना प्रसिद्ध होते तोवर तयारीचा बराचसा वेळ हातातून गेलेला असतो, आणि अल्पमुदतीच्या निविदेत तर उत्पादकाचे अधिकारपत्र (त्याचा माल पुरवण्याची त्याने दिलेली लेखी परवानगी) मागवायलाही सवड मिळत नाही.

केंद्राच्या खरेदीत पूर्वसूचनेची सोय नियमांतच आहे. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १४४ नुसार मंत्रालये व विभागांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी वार्षिक खरेदी आराखडा करून तो आपल्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या धोरणाने केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनाही असा आराखडा प्रसिद्ध करायला सांगितले असून, २०१८ च्या दुरुस्तीनंतर वार्षिक खरेदीतील किमान २५ टक्के वाटा या उद्योगांसाठी ठेवला आहे. कोळसा खाणींच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी वेस्टर्न कोलफिल्ड्ससारख्या कंपनीचा आराखडा म्हणूनच वर्षारंभी वाचावा. त्यात तपशील थोडा सापडला तरी कोणत्या वस्तूसाठी उद्यम नोंदणी (लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद), अनुभवाचे दाखले आणि सनदी लेखापालाचे उलाढाल प्रमाणपत्र तयार ठेवायचे, हे ठरवता येते.

जिल्हा परिषद किंवा पंचायत समितीच्या बाबतीत मात्र कागदांचा मागच काढावा लागतो. ग्रामसभेत मांडलेला ग्रामपंचायत विकास आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही पाहता येतो, आणि त्यात ‘नळ योजनेचा पंप बदलणे’ अशी एक ओळ, गावाचे नाव व अंदाजित खर्च दिसला, तर ती माझ्यासारख्यासाठी पूर्वसूचनाच ठरते. अर्थात आराखड्यातले प्रत्येक काम निघतेच असे नाही. निधी, प्रशासकीय मान्यता (काम व खर्चाला मंजुरी) आणि तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी) या पायऱ्या ओलांडल्याशिवाय निविदा लागत नाही, त्यामुळे केवळ त्या ओळीच्या भरवशावर उधारीवर माल भरून ठेवणे शहाणपणाचे नाही. मान्यता मिळाल्याचे कळल्यावर उत्पादकाशी बोलणी सुरू करावीत. मार्च जवळ आला की निधी खर्च करण्याची घाई होते आणि मुदती आखूड होतात, हे या भागात नव्याने सांगायला नको.

पूर्वसूचना नेहमी फायद्याचीच असते असेही समजू नये. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात खुल्या निविदेच्या ३५ दिवस ते १२ महिने आधी योग्य तपशिलासह पूर्वसूचना दिलेली असेल, तर निविदा भरण्याची किमान मुदत ३५ वरून १५ दिवसांवर आणता येते, म्हणजे जो ती वाचत नाही त्याच्याच वाट्याचा वेळ कापला जातो.

प्रत्यक्ष निविदा भरताना एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावे. महाटेंडर्सवरून उतरवलेली दरपत्रकाची एक्सेल फाइल तिचे नाव वा रचना न बदलता, फक्त ठरलेल्या रकान्यांत दर भरून चढवावी लागते. कोणी ओळखीसाठी नावापुढे गावाचे नाव जोडले, तर फाइल स्वीकारली जात नाही. शेवटच्या तासात आपल्याकडची वीज गेली तरी मुदत सर्व्हरच्या घड्याळानेच संपते, म्हणून डिजिटल स्वाक्षरीची वैधता आणि इसारा रकमेची (निविदेसोबत भरायच्या अनामतीची) सोय आधीच पाहून ठेवावी.

आणखी एक खूण नवख्यांच्या ध्यानात येत नाही. अंदाजपत्रक करण्यासाठी कार्यालय बाजारातील दर मागवते, तेव्हा काम दूर नाही असे समजावे आणि खरा दर लेखी, करासह द्यावा. त्या पत्रामुळे काम आपल्यालाच मिळेल अशी अपेक्षा धरू नये, आणि आपल्याच मालाला जुळतील असे तांत्रिक निकष सुचवण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये, कारण निविदापूर्व बैठकीत दुसरा पुरवठादार नेमके तेच निकष उकरून काढतो आणि मग निकष बदलणारे शुद्धिपत्रक निघते.