वचनकार्डावरचे वचन वर्षभर कसे वाचावे

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमधल्या उपासनेत तबकातून उचललेले वचनकार्ड, म्हणजे नव्या वर्षासाठी बायबलमधले एक वचन छापलेले कार्ड, दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिकटते, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्याच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. त्यावर वचन असते जेमतेम एका ओळीचे. खालच्या कोपऱ्यात मात्र बारीक अक्षरांत संदर्भ, म्हणजे पुस्तकाचे नाव, अध्याय आणि वचनाचा क्रमांक, छापलेला असतो आणि कामाचा भाग खरे तर तोच. हा आशीर्वाद कुणाला, कोणत्या वेळी दिला होता हे कळले, तरच तो आपल्या घरात कसा जगायचा ते ठरवता येते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका पुरतात. साहित्य म्हणजे एक वही, पेन आणि शक्यतो छापील पवित्र शास्त्र (बायबल). मोबाइलवरचे अ‍ॅपही चालेल, पण त्यात संदर्भ टाकला की अनेकदा तेवढेच वचन समोर येते आणि पुढेमागे वाचायचे राहून जाते.

पहिल्या बैठकीत फक्त वाचन. वचन ज्या अध्यायात आहे तो पूर्ण आणि त्याच्या आधीचा एक, शक्य तर मोठ्याने. स्तोत्र असेल तर सगळे स्तोत्र. प्रेषित पौलाने मंडळ्यांना लिहिलेले छोटे पत्र असेल तर सगळे पत्र. फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय वीस मिनिटांत सहज होतात. वाचताना ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जर’, ‘परंतु’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. कार्डावर जागा कमी असल्याने बहुतेक वेळा हेच शब्द कापले जातात.

दुसऱ्या बैठकीत वहीत चार प्रश्न लिहून त्यांची उत्तरे शोधायची: कोण बोलते आहे? कुणाशी? त्यांच्यावर काय प्रसंग आला होता? काही अट आहे का?

कार्डांवर वरचेवर भेटणारे यिर्मया २९:११ घेऊ, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचे ११वे वचन. ‘संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’ ही ओळ वाचताना डोळ्यांपुढे मुलाचे अ‍ॅडमिशन किंवा फ्लॅटचे कर्ज येते. आता अध्याय उघडा. हे यिर्मयाने यरुशलेमाहून बाबेलला (बॅबिलोनला) पाठवलेले पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या राजासकट कारागीर आणि प्रतिष्ठित माणसे पकडून नेली होती, त्यांच्यासाठी ते लिहिले आहे. आधीच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना हवे होते तेच तो बोलला. यिर्मयाच्या पत्रात आकडा आहे ७० वर्षांचा, आणि तो ११व्या वचनाला अगदी लागून, १०व्या वचनात आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांची हयात परक्या मुलखातच सरणार होती. ‘हिताचे संकल्प’ हे शब्द त्यांना सांगितलेले आहेत.

मग त्या ७० वर्षांत करायचे काय? ५ ते ७ ही वचने तेच सांगतात: घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला बंदिवान करून नेले त्याच्या शांतीसाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी घरदार हिरावले त्यांच्याच शहरासाठी! ही सातवी ओळ कार्डावर फारशी दिसत नाही, याचे नवल वाटायला नको. पण ११वे वचन तुमच्या वाट्याला आले असेल तर हीही तीन वचने त्याच्यासोबत आलेली आहेत असे धरून चाला.

अटीच्या प्रश्नासाठी ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २८वा अध्याय पाहा. परमेश्वर तुला पुच्छ नव्हे तर मस्तक करील, हे १३वे वचन व्यवसाय असलेल्या घरांत हमखास फ्रेम होते. त्याच वचनात आज्ञा पाळण्याची अट आहे. शिवाय त्या अध्यायात आशीर्वाद १ ते १४ वचनांत आटोपतात आणि शाप १५ ते ६८ पर्यंत चालतात. हे वाचून घाबरायचेही कारण नाही. नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या आज्ञांच्या, शापातून ख्रिस्ताने सोडवले आहे, हे गलतीकरांस ३:१३ सोबत वाचावे. पण अट पुसून फक्त मस्तक ठेवायचे, हा प्रामाणिक व्यवहार नव्हे.

मलाखी ३:१० चे तसेच. सगळा दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) भांडारात आणा, मग आकाशकपाटे उघडतात की नाही ते पाहा, या वचनावर दानाची आवाहने होतात. त्याच अध्यायातले ५वे वचन मजुराची मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध, विधवा आणि पोरक्यांना छळणाऱ्याविरुद्ध आहे. दशांशाचे पाकीट भरण्याआधी घरकामाच्या बाईंचा पगार वेळेवर दिला का, सुट्टीचे पैसे कापले का, हे त्या बैठकीत वहीवर आलेच पाहिजे.

‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ (फिलिप्पै. ४:१३) हे परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या टेबलावर असते. लिहिणारा पौल बंधनात होता आणि आधीच्याच वचनात तो तृप्त राहणे नि उपाशी राहणे या दोन्हींची सवय झाल्याचे सांगतो. पेपर अवघड गेला तरी हे वचन खोटे पडत नाही, हे मुलाला निकालाआधी सांगितलेले बरे.

नीतिसूत्रांतले वचन आले तर वेगळी काळजी. तिथे मागचापुढचा धागा क्वचितच असतो. ती अनुभवाची वचने आहेत, हमीपत्रे नव्हेत. २६:४ मध्ये मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको म्हटले आहे आणि लगेच ५व्यात दे म्हटले आहे. कुठले कधी लावायचे ते शहाणपणाने ठरवायचे.

तिसऱ्या बैठकीत लिहिण्याचे काम. अर्ध्या पानाची प्रार्थना पुरे: देवाची स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती आणि शेवटी विनंती, प्रत्येकाच्या दोन ओळी. विनंती नेहमी आधी सुचते, म्हणून तिला मुद्दाम शेवटी ठेवायचे. त्याखाली एकच कृती, नाव आणि तारखेसह. ‘यंदा अधिक प्रेम करीन’ असे लिहिले तर मार्चमध्ये ते तपासणार कसे? ‘दर शनिवारी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आपल्या वॉर्डातल्या सफाई कामगारांसाठी आणि नगरसेवकासाठी प्रार्थना, पहिल्यांदा या शनिवारी’ हे तपासता येते. नगरासाठी प्रार्थना करा म्हणणाऱ्या यिर्मयाने, नगरसेवक कुठल्या पक्षाचा या मुद्द्याला जागा सोडलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेहून आल्यावर ते पान उघडायचे आणि झाले-नाही एवढेच लिहायचे.

बिघडते कुठे? मनासारखे कार्ड नाही म्हणून गुपचूप दुसरे उचलले जाते. तिथेच वचनाचा शकुन होतो. कठोर वचन आले तर घरावर संकट येणार अशी कुजबुज होते, ती त्याच समजुतीतून. मत्तय ५:३ ते १२ मध्ये प्रभू येशूने धन्य म्हटलेल्यांत दीन आहेत, शोक करणारे आहेत, छळ सोसणारे आहेत. त्यामुळे वर्ष जड गेले म्हणजे आशीर्वाद हुकला, असा हिशेब शास्त्रात बसत नाही.

कार्डावर संदर्भच नसेल तर शास्त्राच्या शब्दसूचीत (कुठला शब्द कोणत्या वचनात आहे त्या यादीत) शोधा किंवा पाळकसाहेबांना विचारा. ओळ सापडलीच नाही तर ती शास्त्रात नसण्याचीही शक्यता आहे. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ कितीही पटले तरी शास्त्रातले वचन नाही.

आपले कार्ड दुसऱ्याच्या दुःखावर लावू नये. मयताच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवर रोमकरांस ८:२८ पाठवणे सोपे असते, पण देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी तो सगळे मिळून कल्याणकारक करतो, हे ज्याचे त्याने सावकाश म्हणायचे असते. त्याच पत्रात १२:१५ आहे: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. त्यासाठी जेवणाचा डबा घेऊन जावे, तासभर बसावे आणि विचारल्याशिवाय वचन सांगू नये.