जुन्या इमारतीची अग्निसुरक्षा तपासणी: सोसायटीने सुरुवात कुठून करावी?

आमची इमारत नाशिकच्या गंगापूर रोडची, १९९१ सालची. खाली पार्किंग, वर सहा मजले. सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं तेव्हा कपाटात सगळं सापडलं, अगदी टाकीच्या वॉटरप्रूफिंगची पावतीसुद्धा. अग्निशमनाचा मात्र एकही कागद नव्हता. जिन्याच्या कोपऱ्यातून वर गेलेल्या लाल पाइपात शेवटचं पाणी कधी होतं, हेही कुणाला सांगता येईना. त्यानंतर जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो.

आधी कायदा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकतो, म्हणजे आपल्यावर. ‘बिल्डरने दिलं नव्हतं’ किंवा ‘आमची इमारत कायद्याच्या आधीची’ म्हणून ती टळत नाही. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून, ती सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. यालाच सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. कायदा मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि २० ते ५० हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. इमारत धोकादायक ठरली तर वीज-पाणी तोडण्याचा अधिकारही विभागाला आहे.

पहिलं काम: उंची आणि कागद

मंजूर नकाशा, भोगवटा दाखला आणि अग्निशमनचा ना हरकत दाखला शोधा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ ठरते. ढोबळमानाने पार्किंगवर पाचवा मजला चढला की ती रेषा ओलांडली असं समजा. कागद नसतील तर महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे नकलेसाठी अर्ज करा. उत्तर आलं नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. इमारत बुटकी असली तरी तिला काय काय लागू आहे, हे अग्निशमन विभागाकडून लेखी विचारून घ्या.

दुसरं काम: जिना आणि मीटर रूम

एजन्सीला फोन करण्याआधी हे करा. यात खर्च जवळजवळ नाही आणि जीव वाचतात ते इथेच. त्या काळच्या बऱ्याच इमारतींत मीटर रूम जिन्याखालीच असते. तिथे शॉर्टसर्किट झालं की धूर सरळ जिन्यातून वर चढतो, आणि माणसं त्याच जिन्याने खाली यायला निघतात. आगीत पुष्कळ माणसं भाजण्याआधी धुरानेच गुदमरतात.

म्हणून रात्री दहाला, सगळे घरी असताना, टॉर्च घेऊन वरून खाली चालत या. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का? किल्ली कुणाकडे? मीटर रूममध्ये जुने पडदे, रंगाचे डबे, गणपतीच्या मखराचं थर्माकोल ठेवलंय का? मीटरला लागून गाड्या उभ्या आहेत का? कुणी उघड्या वायरीवर ई-स्कूटर चार्जिंगला लावलीय का? पंचवटी, सराफ बाजार भागात गोदेचं पाणी मीटर रूममध्ये शिरून गेलं असेल, तर तिथले जोड वरून कोरडे दिसले तरी आतून गंजलेले असतात. वायरमनकडून प्रत्येक जोड उघडून बघा.

जिन्यातल्या सामानावरून भांडणं होतातच. चौथ्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, “अहो भाऊ, चपलांचं कपाट काढलं तर चपला ठेवू कुठे?” मी त्यांना डोळे मिटून, भिंत चाचपत एक मजला उतरायला सांगितलं. कपाट त्याच संध्याकाळी आत गेलं.

बाल्कनीच्या ग्रिल्सही बघा. पूर्ण बंद ग्रिल असेल तर आतून उघडणारी एक खिडकी करून घ्यायला सांगा.

तिसरं काम: यंत्रणा चालवून बघणं

आग विझवण्याच्या सिलिंडरला काटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यात हवा, पिन आणि सील जागेवर हवं, पुढच्या तपासणीची तारीख उलटलेली नको. मीटर रूमजवळ एबीसी पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवा, विजेच्या आगीवर पाणी मारायचं नसतं. होज बॉक्स, म्हणजे आगीवर पाणी मारायचा पाइप ठेवलेली पेटी, उघडा. पितळी नोझल चोरीला गेलेलं असण्याची शक्यता दाट, आणि वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेला पाइप घडीवरच फाटतो. मग फायर पंप सुरू करून सर्वात वरच्या मजल्यावर पाणी सोडून बघा.

एक गोष्ट हमखास राहते. आग लागली की इमारतीचा मेन स्विच बंद करतात. फायर पंपाची वीज त्याच मेनमधून असेल तर पंपही बंद पडतो. त्याची लाइन वेगळी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

चौथं काम: एजन्सी

महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना मागा आणि त्याची मुदत बघा. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाने जिन्याची पहिली पायरीसुद्धा न चढता “फॉर्म बी उद्या देतो” म्हणून दर सांगितला. त्याला परत पाठवलं. त्या कागदाखाली सोसायटीचंही नाव असतं आणि पुढे काही घडलं तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. जो पंप चालवून दाखवतो आणि त्रुटी मजलावार लिहून देतो, त्यालाच काम द्या.

पैशांसाठी सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. पाइपलाइन बदलण्यासारख्या मोठ्या कामाला सभेच्या मंजुरीने सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी, वापरता येतो. तीन दरपत्रकं सभेपुढे ठेवली की कुरबुर बरीच कमी होते.

पाचवं काम: कागद देणं, आणि सराव

फॉर्म बी अग्निशमन विभागाकडे द्या, मुख्य केंद्र शिंगाडा तलावाजवळ आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या आणि ती पुढच्या कमिटीच्या हाती सोपवा.

मुंबई गोदीतल्या १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात कामी आलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात प्रात्यक्षिकासाठी विभागाला आधीच पत्र द्या. वॉचमनला १०१ तोंडपाठ हवा, आणि बंब कोणत्या बाजूने आत येईल हेही सांगता यायला हवं. जुन्या नाशकातल्या बोळांत बंब दारापर्यंत पोहोचतच नाही, तिथे गल्लीच्या तोंडाशी थांबून वाट दाखवणारी दोन माणसं आधीच ठरवून ठेवा.

आमच्या पहिल्या सरावात पाचव्या मजल्यावरच्या गुडघे दुखणाऱ्या आजी खाली आल्याच नाहीत, आणि पार्किंगमध्ये डोकी मोजेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता ज्यांना उतरायला मदत लागते अशा घरांची यादी वॉचमनच्या टेबलाच्या काचेखाली आहे. प्रत्येक नावापुढे त्यांना आणायला जाणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं लिहिली आहेत.