ब्रिटनमध्ये ब्रॉडबँडचं बिल करार चालू असतानाच वाढलं, तर काय करावं?

करार दोन वर्षांचा, मग एप्रिलमध्ये बिल वाढलं कसं? कंपनीला फोन लावून तावातावाने बोलण्याआधी करार कोणत्या तारखेचा आहे ते बघा.

१. ईमेलमध्ये ‘कॉन्ट्रॅक्ट समरी’, म्हणजे कराराचा सारांश, शोधा. करारापूर्वी ती द्यावीच लागते आणि दरवाढीचं कलम तिच्यात असतं. १७ जानेवारी २०२५ च्या आधीचा करार असेल, तर तिथे ‘सीपीआय अधिक ३.९ टक्के’ अशा धर्तीचं काहीतरी असू शकेल. म्हणजे महागाईचा दर, आणि वर कंपनीची भर. याच हिशेबाने २०२३ मध्ये काही कंपन्यांची बिलं १४.४ टक्क्यांनी चढली होती. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या करारांत ऑफकॉम या नियामक संस्थेने हा प्रकार बंद केला. वाढ किती आणि कधीपासून, हे पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावं लागतं. लिहिलं तेवढंच वाढलं असेल, तर कितीही टोचलं तरी मुदतीआधी करार सोडण्याचा दंड भरल्याशिवाय सुटका नाही.

२. आकडा ताडून बघा. समरीत ३ पौंड आणि बिलात ४, किंवा वाढीचा उल्लेखच नव्हता, असं असेल तर पारडं तुमच्याकडे झुकतं. असा बदल करायचा तर कंपनीने निदान महिनाभर आधी कळवायला हवं आणि दंडाशिवाय करार सोडू द्यायला हवा. ही सूचना आली की ईमेल पूर्ण वाचा, मुदत टिपून ठेवा.

३. सोडायचं ठरलं, तर आधी ‘एक्झिट फी (म्हणजे हाच दंड) लागणार नाही’ हे जुन्या कंपनीकडून लेखी घ्या, मगच नव्या कंपनीकडे जा. सप्टेंबर २०२४ पासून ‘वन टच स्विच’मुळे बाकीची हलवाहलव नवी कंपनीच करते, पण दंड माफ करून घेणं तिच्या हातात नाही. आणि रागाच्या भरात डायरेक्ट डेबिट बंद करू नका. थकबाकीची नोंद क्रेडिट फाइलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, राहते, पुढे घरासाठी कर्ज काढताना ती नडते.

४. कंपनी दाद देत नसेल, तर लेखी तक्रार करून ‘डेडलॉक लेटर’, म्हणजे ‘आमच्याकडून तोडगा निघत नाही’ असं कंपनीचं पत्र, मागा. ते हातात आलं की कम्युनिकेशन्स ओम्बड्समन किंवा सिसास (CISAS) या तंटे सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थांपैकी तुमची कंपनी जिथे सदस्य असेल तिथे फुकट दाद मागता येते. ऑफकॉम एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका.

५. नवा करार घेताना महिना बघा. लोक इथेच फसतात. समजा, ३० पौंडांचा २४ महिन्यांचा प्लॅन आहे आणि दर एप्रिलला ३ पौंड वाढ. फेब्रुवारीत घेतलात तर दोनच महिने ३०, मग बारा महिने ३३ आणि दहा महिने ३६: एकूण ८१६ पौंड. तोच मे महिन्यात घेतलात तर ७६२. शिवाय ३ पौंडांची वाढ २० पौंडांच्या प्लॅनवर १५ टक्के होते, ४५ च्या प्लॅनवर सातसुद्धा नाही. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळत असेल, तर आधी ‘सोशल टॅरिफ’, म्हणजे असे भत्ते घेणाऱ्यांसाठीचा स्वस्त प्लॅन, विचारा. जाहिरातीत तो सहसा दिसत नाही.