एमएसला जर्मनीला निघालाय? लॅपटॉप घेण्याआधी हे बघा

विंटर सेमिस्टरला निघणाऱ्या पोरापोरींचा पहिला मेसेज ठरलेला, ताई लॅपटॉप कुठला घेऊ, आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला, तुझ्या कोर्सला सॉफ्टवेअर कुठलं लागतं? ते बऱ्याच जणांनी बघितलेलंच नसतं. तर आधी ते शोधा, युनिव्हर्सिटीच्या साइटवर कोर्सचं मॉड्यूल हँडबुक असतं ते वाचा आणि त्याच कोर्सच्या एखाद्या सीनियरला विचारा. सॉलिडवर्क्स, रेव्हिट, आर्कजीआयएस प्रो ही सगळी विंडोजची, त्यामुळे मेकॅनिकल, आर्किटेक्चर किंवा जीआयएसवाल्यांनी मॅकचा मोह टाळा. पायथन, आर, मॅटलॅब एवढंच असेल तर मॅक घेतलात तरी काही अडत नाही.

आता डेटा सायन्सवाल्यांसाठी, कारण इथे मी स्वतः पैसे घालवलेत. एआय शिकायचं म्हणून मी ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घेतला, अडीच किलोचा, वर चार्जर विटेएवढा. विमानात केबिन बॅगेला बऱ्याचदा ७-८ किलोचीच परवानगी असते त्यातले तीन किलो तिथेच गेले, मग रोज ट्रॅममधून ते ओझं पाठीवर, आणि बॅटरी दोन लेक्चरपण टिकायची नाही. मोठी मॉडेल्स ट्रेन करायची वेळ आली तर ती ६ जीबीच्या कार्डात मावलीच नाहीत, शेवटी डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर रन केली. छोट्या प्रयोगांना एनव्हिडियाचं कार्ड कामी येतं हे खरं, मॉडेल ट्रेन करताना कार्ड वापरायला लागणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर, कुडा, त्याच्यावरच चालतं, पण फक्त तेवढ्यासाठी एवढं वजन नका उचलू.

तेच पैसे रॅमवर घाला. कमीत कमी १६ जीबी, आणि रॅम बोर्डला सोल्डर केलेली आहे का हे दुकानात विचाराच, तशी असेल तर नंतर वाढवता येत नाही. एसएसडी ५१२ जीबी पुरते. वजन दीड किलोच्या आत, आणि टाइप-सी चार्जिंग असेल तर फार सोय होते. स्क्रीनचं मात्र कोणी बघतच नाही! स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप स्पेसिफिकेशनमध्ये असतं, तिथे ४५% एनटीएससी लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार, दोन वर्षं रोज आठ तास त्याच्याकडेच बघायचंय, १००% एसआरजीबी शोधा.

इथून न्यायचा की तिकडे घ्यायचा? तिकडच्या दुकानात बहुतेक लॅपटॉप जर्मन कीबोर्डचे असतात, वाय आणि झेडच्या जागा उलट्या, महिरपी कंसासाठी ऑल्ट-जीआर दाबून ७ आणि ०, कोडिंग करताना जीव जातो. म्हणून माझं मत इथूनच घ्या. व्होल्टेजची काळजी नको, तिकडेही २३० व्होल्टच आहे, फक्त आपली तीन पिनची वायर तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, तर चार्जरची तेवढी वायर तिकडे जाऊन बदलायची.

पण वॉरंटी! माझ्या रूममेटच्या लॅपटॉपचा बिजागर चार महिन्यांत तुटला, सर्व्हिस सेंटरला गेली तर म्हणाले तुमची वॉरंटी फक्त भारतातली, बिचारीने पूर्ण सेमिस्टर टेप लावून काढलं. इंटरनॅशनल वॉरंटी आहे का आणि ती जर्मनीत चालते का हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नको. ती मिळतच नसेल तर मग तिकडेच घेतलेला बरा, तिथे नव्या वस्तूतल्या दोषाला विकणारा कायद्याने दोन वर्षं जबाबदार असतो, कीबोर्डची सवय होते हळूहळू.

घेणार असाल तर निघायच्या दोन महिने आधी घ्या आणि रोज वापरा, खराब पीस असेल तर इथेच कळेल. बिलाची पीडीएफ मेलवर टाका. लॅपटॉप आणि पॉवर बँक दोन्ही केबिन बॅगेत ठेवा, पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालतच नाही. आणि विंडोज असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की, ४८ आकडी असते, कागदावर लिहून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा, एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉप अचानक तीच मागतो आणि नसेल तर आतलं काहीच उघडत नाही.